कंपनीचा सर्व्हे

मंगळवार, रात्र

आज पुन्हा तो सर्व्हे आला. पावसाळ्याच्या तोंडाला दरवर्षी येतो. कंपनीत काय आवडतं, काय आवडत नाही, मोकळेपणाने लिहा, नाव गुप्त राहील. आणि पहिल्याच पानावर विभाग, प्लांट, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं, सगळं विचारलंय. सातारा प्लांटच्या अकाउंट्समधली चाळिशीला टेकलेली जुनी बाई कोण, हे आमच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा सांगेल. म्हणून सगळे सगळीकडे पाचपैकी चार देऊन मोकळे होतात. साहेब खूश, आपणही निवांत. मीही तेच केलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहिते.

आवडतं त्यात पहिला पगार. किती येतो ते जाऊ दे, येतो हे महत्त्वाचं. महिनाअखेरीला कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदमच वाजायला लागतात. लॉकडाउनमध्ये प्लांटला कुलूप होतं तेव्हासुद्धा वाजले होते. दादाचं एमआयडीसीत छोटं शॉप आहे, लेथ आणि कॉम्प्युटरवर चालणारं एक जुनं सीएनसी मशीन. त्याच्याकडे आधी पोरांचा पगार, मग बँकेचा हप्ता, मग वीजबिल, आणि त्यातून उरलं तर वहिनीच्या हातात. त्याला कोणी सर्व्हे पाठवत नाही.

दुसरा मेडिक्लेम. अप्पांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी मी फक्त सह्या केल्या. अप्पांचा मधुमेह जुना. बाहेर पॉलिसी घ्यायला गेलो असतो तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवलं असतं. ही मुदत आधी चार वर्षं होती, २०२४ मध्ये तीनवर आली. आमच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. फक्त आईवडील की सासूसासरे, एकच जोडी निवडायची असते. त्यावरून आमच्या घरात जो तह झाला तो या वहीत येणार नाही.

अप्पांच्या त्या आजारपणात मी ऑफिसला गेलेच नाही. कोणाचं काही अडलं नाही. माझी बिलं पुण्याच्या ऑफिसमधल्या एका मुलीने काढली, महिन्याचा हिशोब वेळेत बंद झाला. वहिनी आजारी पडली तेव्हा दादाने रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून कोटेशन टाइप केलं होतं, आणि सकाळी मशीनवर. मला तसं काही करावं लागलं नाही, हे सुख मोठंच. परत आले तेव्हा शेजारच्या दोघींनी अप्पांची चौकशी केली. बाकी मजल्याला मी नव्हते याचा पत्ताही नव्हता. एका साहेबांनी तर मी नसतानाच्या मीटिंगमधला मुद्दा काढून ‘तुम्ही होताच ना’ म्हटलं. आता हे आवडीच्या रकान्यात लिहायचं की नावडीच्या?

बुधवार

बाहेर पाऊस, आत पेमेंट रन, म्हणजे सप्लायरांचे पैसे सोडायचं काम. कोडोलीकडच्या एका सप्लायरचा फोन सकाळपासून.

‘मॅडम, बघा की जरा. पोरांचा पगार करायचाय.’

बघितलं. ऑर्डर ५०० नगांची, गेटवर आले ५००, क्वालिटीने पास केले ४९८, बिल ५०० चं. पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय सिस्टिम पैसे सोडत नाही. म्हणजे दोन नगांपायी सगळं बिल होल्डला. दोन नगांचे पैसे बिलातून वजा करणारी डेबिट नोट काढली की विषय संपतो. पण तिला परचेसची मंजुरी लागते, तिथला माणूस बदललाय आणि नव्याला अजून लॉगिन मिळालेलं नाही. आयटीला तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. दुपारी मेल आला, तुमची अडचण सोडवली आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल? लॉगिन आलेलं नव्हतंच. पुन्हा तिकीट टाकलं.

यात कोणाची चूक आहे म्हणावं? क्वालिटीवाल्याने दोन नग टाकले ते बरोबरच टाकले. सिस्टिम अडली ती अडायलाच हवी, नाहीतर उद्या कोणीही कसलंही बिल घुसडेल. आयटीतल्या पोराला तिकिटं बंद करण्याचं टार्गेट आहे. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि कोडोलीत पोरांचा पगार राहिला. मोठ्या कंपनीत मला सगळ्यात जास्त काय खटकत असेल तर हे. भांडायला समोर माणूसच नसतो.

कायदा आहे. २००६ चा. लघुउद्योगाचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. २०२४ पासून तर आयकरातही आलंय, मुदत टळलेलं बिल पैसे दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये साहेबलोक स्वतः खाली येऊन ‘कोणाचं राहिलंय का?’ विचारतात. इतर महिन्यांत विचारत नाहीत. आणि व्याज कोण मागणार? मागितलं तर पुढची ऑर्डर येणार नाही, हे त्या सप्लायरलाही माहीत आणि मलाही.

संध्याकाळी दादाचा फोन. त्याचेही एका दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे पैसे अडकलेत. म्हणाला, ‘तिथं पण तुझ्यासारखीच कोणीतरी बसली असेल ना गं? तिला काही करता येत नाही का?’

मी लॉगिनची गोष्ट सांगितली. तो हसला, पण फार नाही.

शुक्रवार

काल काही लिहिलं नाही. वर्षभराच्या कामाला रेटिंग देण्याच्या मीटिंगा होत्या. त्याचं गणित आधीच ठरलेलं असतं, इतके वर, इतके मध्ये, इतके खाली. ‘मॅडम, काम उत्तम आहे, पण कोट्यात बसत नाही,’ हे ऐकायचं, चहा प्यायचा, खाली यायचं.

आज वेगळीच गोष्ट डोक्यात आहे. आमच्याकडे गळ्यातल्या फिती दोन रंगांच्या. पर्मनंटवाल्यांची निळी, कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा कित्येक वर्षं पिवळ्या फितीत आहे. तीच बिलं, तोच स्क्रीन, तेच कॅन्टीन. सिस्टिम कुठे अडते हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. सर्व्हेचा मेल मात्र त्याला येत नाही. मी सहज विचारलं, तुला आला असता तर काय लिहिलं असतंस? म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडून पण पाचपैकी चार.’ दिवाळीला मिठाईचा बॉक्स निळ्यांनाच मिळतो. आम्ही दोघी-तिघी आमचे बॉक्स फोडून टेबलावर ठेवतो, तेव्हा तो एखादा तुकडा घेतो आणि काम आहे म्हणून उठतो.

रविवार

दादाकडे जेवायला गेलो. अप्पा रंगात होते. किर्लोस्करवाडीचं पुराण काढलं. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं, तिथे लक्ष्मणरावांनी कारखाना काढला आणि भोवती गावच वसवलं. ‘मालक कामगाराला नावानं हाक मारायचे,’ हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. असेल. पण लग्नाआधी मी नावाने हाक मारणाऱ्या मालकाकडे नोकरी केली आहे. त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात पंगत वाढायला उभी होते. माझ्या नंतर तिथे लागलेल्या मैत्रिणीला दिवस गेले तेव्हा तो मालक प्रेमानेच म्हणाला, बाळ मोठं झालं की ये परत. मला इथे सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तीही एक फॉर्म भरून.

खरा विषय भाच्याचा होता. डिप्लोमा झालाय, मोठ्या कंपनीची ऑफर आलीये, वर्षाला साडेतीन लाख. वहिनीने पेढेसुद्धा आणून ठेवले होते. मी पत्र मागितलं. साडेतीन लाखांत कंपनीचा पीएफचा हिस्सा धरलेला, ग्रॅच्युइटी धरलेली, विम्याचा हप्ता धरलेला, वर ‘व्हेरिएबल’, म्हणजे कमीजास्त होणारा भाग. हातात येणार महिन्याला बाविसेक हजार. ग्रॅच्युइटीसाठी तर पत्रातच पाच वर्षांची अट, पण आकडा पहिल्या वर्षीपासून पगारात मिरवतो. इथवर ठीक, सगळीकडे असंच असतं. मग शेवटचं पान बघितलं. वर कंपनीचं नाव ठळक, खाली सही मात्र माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची.

‘म्हणजे काय आत्या?’

‘म्हणजे पिवळी फीत.’ मग ती काय असते ते सगळं सांगितलं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग मला म्हणाला, ‘पर्मनंट होतात का गं त्यातले?’ झालेले मी पाहिलेत, पण बोटांवर मोजण्याइतके. तेही सांगितलं. शॉपवर ये, असं दादा त्याला म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणाला नाही. अडकलेल्या पैशांचा विषय ताजाच होता.

भाच्याने पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं. ‘नाव तर मोठं लागतंय ना,’ म्हणाला. एक तारखेला जॉइन होतोय.