जखमी पक्ष्यांची बातमी वाचलीत? मग आजच चार ओळी लिहा

वडोदऱ्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आटोपलं आणि आज पेपरात मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांचे फोटो आले. इथे नुसता रडका इमोजी टाकून थांबू नका, संपादकांना पत्र पाठवा. तेही आजच, कारण बातमी शिळी झाली की पत्र बाजूला पडतं.

पहिल्याच वाक्यात बातमीचा मथळा आणि तारीख द्या. मुद्दा एकच, शंभर-दीडशे शब्दांत; लांबवलंत तर कात्री लागते आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य जातं. मजकूर ईमेलमध्येच टाइप करा, जोडलेली फाइल बरेचदा उघडलीच जात नाही. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन. वडोदऱ्यातल्या गुजराती पेपरला गुजरातीतच लिहा, शेजारच्या बेनकडून तपासून घ्या हवं तर.

लिहायचं काय? बातमीत जे सुटलंय ते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली. हा मांजा कुजत नाही. झाडांवर, तारांवर महिनोन्‌महिने लटकतो आणि सण संपल्यावरही पक्षी त्यात अडकत राहतात. म्हणून मागणी ठोस करा: कमाटीबाग आणि विश्वामित्री नदीकाठच्या झाडांवरचा मांजा कधी उतरवणार? "प्रशासनाने लक्ष द्यावे" एवढ्याने कोणी हलत नाही.

१९६२ ही पशु-हेल्पलाइन पत्रात आलीच पाहिजे. जमलं तर हेही: पंखात रुतलेला दोरा ओढू नये, दोन्हीकडून कापावा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावा, चोचीत पाणी ओतू नये.

बातमी चांगली लिहिली असेल तर वार्ताहराचे आभार मानणारं पत्रही जरूर पाठवा.