मॅडम मांडीवर घेतील की!

"सर, कारसीट कशाला? मॅडम बाळाला मांडीवर घेतील की!"

शोरूममधला पोरगा अगदी आपुलकीने म्हणाला. मी तेव्हा तीन दारांच्या लालभडक जीपमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर लटकलेलो. घरून आणलेली कारसीट काखेत.

मागच्या सीटमधल्या आयसोफिक्सच्या (म्हणजे कारसीट अडकवायच्या) कड्या सापडल्या, सीट खट्कन बसलीही. पण लेक दहा महिन्यांची, म्हणजे तोंड मागे करूनच लावायची (युरोपच्या नव्या नियमात किमान 15 महिने तसंच). त्यापायी पुढची सीट इतकी सरकवावी लागली की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. ती काही बोलली नाही. नुसतं बघितलं. पुरेसं होतं.

ते 'मांडीवर' मात्र डोक्यातून जाईना. आपण सगळे तसेच वाढलो, मान्य. पण मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर यासाठी 1000 रुपये दंड आहे. तो भरलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता पाच दारांची, टर्बो इंजिनाची, गिअर स्वतः टाकायची हॅचबॅक शोधतोय. कुणाकडे आहे का? मागे कारसीट लावून पुढे माणूस बसतो का हो?