तुम्ही विचारलंत म्हणून: गोठ्याला सुट्टी कधी असते?

"तुम्हाला सुट्टी कधी असते हो?" माहेरच्या लग्नात विचारतात, मुलाच्या शाळेच्या मीटिंगला विचारतात, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, की एखाद दिवस कुणाला तरी सांगून जाता येत नाही का. विचारणारं माणूस मनापासून विचारतं आणि मी नेमकी घाईत असते, मग "नाही हो जमत" एवढंच म्हणून निघते. आज नीट सांगते.

आमचा गोठा संगमनेर तालुक्यात. लहान-मोठ्या कालवडी सोडल्या तर अकरा गाई, सगळ्या एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकरित. सध्या सात दुधात आहेत, तीन आटवल्यात, म्हणजे विण्याआधी त्यांची धार बंद केलीय, आणि एक पहिलारू, पहिल्यांदाच विणारी, गाभण आहे. माणसं तीन, मी, हे आणि सासूबाई, म्हणजे आई. पहाटे पाचला धारा, संध्याकाळी पाचला धारा, मधे शेण, चारा, कुट्टी, पाणी, वासरांचं दूध. डेअरीला दूध घालून फॅट आणि एसएनएफची, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची आणि बाकीच्या घन अंशाची, पावती घेऊन हे येतात तेव्हा कुठे सकाळचा चहा होतो, म्हणजे दुसरा चहा.

आता सुट्टी का नाही ते. गाईच्या कासेत दूध सतत तयार होत असतं, त्याला रविवार कळत नाही. बारा तास झाले की कास तट्ट होते, गाय पाय बदलत राहते, कुणाकुणाच्या सडातून आपोआप दूध ठिबकायला लागतं. त्यातून दूध खाली उतरायला पान्हा लागतो. कास कोमट पाण्याने धुतली, सड पुसले, दोन धारा हाताने काढल्या की गाईच्या मेंदूतून एक संप्रेरक रक्तात येतं आणि ते दूध खाली ढकलतं, तोच पान्हा, आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात दूध निघालं पाहिजे. गाय दचकली, कुत्रं आलं, कुणी ओरडलं, अनोळखी हात लागला की पान्हा सोडतच नाही. मग मशीन कितीही भारीतली असू द्या. आमच्याकडे म्हणतात गाय दूध चोरते, पण मला तो शब्द आवडत नाही, ती बिचारी घाबरलेली असते.

चार वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या लग्नाला आम्ही दोघंही गेलो. आईंना तेव्हा गुडघ्याचा त्रास होता, म्हणून शेजारच्या एका मुलाला धारेला सांगितलं होतं, घरच्याच गाई काढणारा, चांगल्या हाताचा मुलगा. दोनच रात्रींचा प्रश्न होता. बाकीच्या सगळ्यांनी दिलं पण चंद्रीने त्याला नीट दूध दिलंच नाही, थोडं द्यायची आणि बाकीचं कासेतच. आम्ही परत आलो तर तिचा मागचा डावा सड गरम, कासेचा तेवढा भाग दगडासारखा आणि दुधात गुठळ्या. दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, झाली होती. डॉक्टर आले, पाच दिवस इंजेक्शन, सडात ट्यूब, आणि औषधाचं दूध डेअरीला घालता येत नाही म्हणून ते रोज ओतून दिलं. सड गेला तो गेलाच, चंद्री आज तीन सडांवर दूध देते. त्या मुलाची काही चूक नव्हती, तो अजून आला की तिच्या कपाळावर हात फिरवतो. पण तेव्हापासून ठरवलंय, ज्याच्या हातात गोठा द्यायचा त्याने आधी आठ दिवस रोज येऊन आमच्या शेजारी बसून धार काढायची, गाईला हात ओळखीचा झाला पाहिजे, वास ओळखीचा झाला पाहिजे, मगच मी घराबाहेर मुक्काम करणार.

मग लोक म्हणतात निदान कामाचा हंगाम नसेल तेव्हा तरी. तर हंगाम संपत नाही, बदलतो. उन्हाळ्यात एचएफला ऊन सोसत नाही, दुपारी पंखे आणि फॉगर, पाण्याचा हौद दिवसातून कितीदा भरायचा, तरी दूध उतरतंच. पावसाच्या आधी घटसर्प-फऱ्याची लस, शेणखताच्या ट्रॉल्या शेतात, गोठ्याचा पत्रा. पावसात चिखल, गोचीड आणि खुरांची दुखणी. आणि पाऊस सरता सरता मुरघास, म्हणजे हिरवा मका कापून खड्ड्यात दाबून मुरवलेला चारा, त्याच्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण वर्षाचा जीव त्यात असतो. मक्याचं कणीस चिकात आलं, दाणा दाबला की दूध निघतंय पण जरा घट्ट, तेव्हाच मका कापावा लागतो, आठवडाभर उशीर केला की ताट वाळतं आणि खड्ड्यात नीट दबत नाही. त्यामुळे ज्या दिवशी मशीन मिळेल तो दिवस आपला. कुट्टी पडत राहते, वरून ट्रॅक्टर फिरत राहतो, कडेला आम्ही पायाने तुडवत राहतो, हवा राहिली की बुरशी आली म्हणून समजा, मग वरून कागद आणि कागदावर माती. दीड महिन्याने उघडला आणि आंबटगोड वास आला की आई आधी मूठभर हातात घेऊन हुंगतात आणि मान हलवतात. त्या मान हलवण्याची मी वाट बघत असते.

तरीपण सुट्टी असते. ती आठ महिने आधी ठरते, एवढंच.

आईंची वारी आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिच्यात त्या नगरपासून पंढरपूरपर्यंत चालतात, सासरे गेल्यापासून तर एकट्या दिंडीसोबत. एक माणूस कमी म्हणजे तीन-चार गाई आटलेल्या असल्या तरच दोघांना झेपतं. गाय भरवल्यापासून नऊ महिने नऊ दिवसांनी विते आणि विण्याआधी दोन महिने तिला आटवतात, कास आणि शरीर भरून यायला. म्हणजे आषाढात गाय आटलेली हवी तर ती कार्तिकात भरली पाहिजे. म्हणून दिवाळीनंतर आम्ही माजावर फार बारीक लक्ष ठेवतो, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी डॉक्टरांना भरवायला बोलवायचं, एकवीस दिवसांनी परत बघायचं उलटली का, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली का. थंडीत गाय गाभण पण चांगली राहते, तीच गाय चैत्र-वैशाखात भरवली की दोन-दोनदा उलटते. आईंची वारी अशी आमच्या भिंतीवरच्या वहीत लिहिलेली असते, गाईच्या नावापुढे तारीख.

2020 आणि 2021 ला कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. गाई मात्र ठरल्याप्रमाणे आटल्या होत्या. दुधाला भाव नव्हता, आई घरीच होत्या, आटलेल्या गाईंना खरारा करत बसायच्या आणि आज पालखी असती तर कुठल्या मुक्कामाला असती ते त्यांना सांगायच्या. मी दाराआडून ऐकलंय.

यंदा चार गाई कार्तिकात भरवल्या होत्या, एक उलटली, तीन राहिल्या. त्यातली एक चंद्री. गेल्या पंधरवड्यात तिची पेंड कमी केली, मग एकच वेळ धार, मग बंद, शेवटची धार मी काढली आणि तीन सडांत औषधाची ट्यूब सोडली. आईंनी पिशवी भरायला घेतलीय. नगरला त्यांना पोचवायला मी जाणार, सकाळची धार करून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत. त्या आल्या की चार दिवस माहेरी जाईन म्हणते, गोठ्यात तेव्हा आई आणि हे दोघंही असतील, नवा हात लागणार नाही. चंद्रीची तारीख श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यातली आहे, तोवर मी आलेली असेन. चीक मलाच काढायचाय.