चव आली, पण

दुपारचा चहा अर्धा टाकून उठलो. हिने कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली काही नाही. चहात खोट नव्हती. नेहमीचीच पावडर, नेहमीचाच हात. मलाच तो तुरट लागला आणि वर इतका गोड की घशाखाली उतरेना.

सिगारेट सोडताना ज्याने त्याने एकच आमिष दाखवलं होतं, तोंडाला चव येईल. डॉक्टर म्हणाले, दोनेक दिवसांतच वास आणि चव सुधारायला लागते. आली की. भाजीतलं मीठ कळतं, जळका कांदा कळतो. पण चहा? चहा म्हणजे माझा जीव, असं आयुष्यभर सांगत आलो. आता वाटतं, मला तो कधी आवडतच नव्हता की काय. आवडायचा तो त्याच्यामागून येणारा पहिला झुरका. चहा आपला निमित्ताला.

मग असं आणखी काय काय असेल? जेवणानंतर गच्चीत जायचो, ते चांदणं बघायला? जिन्यात दादाशी तासतासभर चालायच्या त्या गप्पा? परवा तो आला होता. दहा मिनिटांत दोघांचंही बोलणं संपलं. जाऊ दे.

शरीराने तर सूडच उगवायचं ठरवलंय. ओढत होतो तेव्हा नव्हता एवढा खोकला आता. श्वासनलिकेतले धुराने लुळे पडलेले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात, म्हणजे हे बरं होण्याचंच लक्षण. सकाळी बेसिनवर ओणवं होऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकताना ते पटत नाही. त्यात तोंड आलं. पोटाचं बोलायलाच नको. निकोटिन आतड्यांनाही हलतं ठेवत होतं, हे त्यांनी संप केल्यावर कळलं. पहिल्या वर्षात सरासरी ४-५ किलो वजन वाढतं म्हणे. मी सरासरीत मावेन असं दिसत नाही.

आणि झोप. रात्री डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. मी तलफेच्या नावाने बोटं मोडत होतो. डॉक्टरांनी विचारलं, चहा-कॉफी किती होते? झुरक्याची आठवण आली की कपभर, असा माझा हिशेब होता. तर भानगड अशी की धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. निकोटिनमुळे नव्हे, धुरामुळे. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफिन दुपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे आवडत नाही तो चहा मी पीत होतो, नाही त्या सिगारेटच्या दुःखात, आणि वर रात्रभर जागत होतो. एवढं ऐकल्यावर मला दवाखान्यातच हसू फुटलं.

कपाटातून जुना कोट काढला तर कॉलरचा वास थेट नाकात गेला. शिळा, कडवट. धुऊनही न गेलेला. हिने इतकी वर्षं याच खोलीत... असो. कोट गच्चीत टाकलाय.

चहाचं काय करायचं ते कळत नाही. सोडावा, तर माझ्याकडे सोडायला आता दुसरं काही उरत नाही. पाहुणे आले की घेईन कपभर, चारचौघांसारखा, आवडीचं नाटक न करता. तेवढंच मीठ-साखर ओळखणारी जीभ बाळगल्याचं समाधान.

पहाटे स्वप्नात सिगारेट ओढली. दचकून उठलो आणि आधी बोटं हुंगली. साबणाचा वास. हायसं वाटलं, मग रागही आला. स्वप्नातली होती, ती तरी पुरी ओढू द्यायची.