हळदीचा फडका पिवळाच राहिला

लोणारच्या लोकांशी सरोवराबद्दल बोलताना सगळ्यात जड जाणारं वाक्य एकच आहे : सरोवरात पाणी वाढतंय, हे काही चांगलं लक्षण नाही. ज्या भागात उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे बोलायला जीभ रेटत नाही. सरोवराची ओळख करून देण्याच्या कामात मी असल्यापासून हीच अडचण आहे. बिबट्या वाचवा म्हटलं की लोकांना पटतं, प्लास्टिक टाकू नका म्हटलं तरी पटतं. पण पाणी जास्त झालंय म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

त्या दिवशी आठवीची मुलं आणि बचत गटातल्या काही बाया एकत्र आल्या होत्या. अभयारण्य असल्यामुळे परवानगी काढलेली, सोबत वनरक्षक. उन्हं तापायच्या आत खाली उतरून वर यायचं होतं. उल्का आदळून काळ्या बेसाल्टात पडलेला हा खळगा, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. उतरताना मुलांना नेहमीची माहिती दिली : १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली, नोव्हेंबर २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं होतं.

खाली कमळजा देवीच्या मंदिराला पाणी येऊन भिडलं होतं. एक बाई हात जोडून म्हणाली, "देवीच्या पायाशी पाणी आलं, मॅडम. यापेक्षा चांगलं काय?"

मी तिथे वाद घातला नाही. पिशवीतून हळदीत बुडवून वाळवलेले सुती फडके काढले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. सरोवराचं पाणी तसंच, क्षारयुक्त. सामू (pH) दहाच्या आसपास. एका मुलीने फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि पिवळ्याचा विटकरी लाल झाला. मुलांनी एकच गलका केला. मग धारेचं, म्हणजे वरच्या झऱ्याचं, बाटलीत आणलेलं पाणी दुसऱ्या फडक्यावर टाकलं. तो पिवळाच राहिला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मुलं पुढे पांगली. वरून येणारा ओढा जिथे सरोवराला मिळतो, तिथून एका मुलाने हाक मारली, "मॅडम, इथं रंगच येत नाही!" जाऊन बघितलं. फडका सरोवरातच बुडवलेला, आणि तरी पिवळा. कडेला जेमतेम तांबूस रेघ. त्याच्या पायाशी उथळ पाण्यात बारीक मासे फिरत होते. ज्या पाण्यात मासा जगत नाही असं मी दर गटाला सांगत आले, त्या पाण्यात मासे. माझ्या पोटात खड्डा पडला.

मुलांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. ते फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. असे कित्येक हजार वर्षं साठत आलेत. त्या खारेपणावरच इथलं शेवाळ, इथले जिवाणू जगतात. वरून गोडं पाणी, त्यातून सांडपाणी, खतं, साबणाचा फेस येत राहिला, तर हे चारचौघांसारखं तळं होईल.

गटातल्या एक आजी इतका वेळ दगडावर बसून ऐकत होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी इथून खार काढून नेत. पापडी, दल्ला, भुस्की अशी खाराच्या प्रकारांची नावंही त्यांना पाठ होती. त्या मघाच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "खारात पाणी घातलं तं पापड फुलन काय, बाई?"

बस. इतकी वर्षं मी जे आकड्यांनी सांगत होते, ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ती बाई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारलं, "मंग आमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?"

सरोवराच्या कामात मला विचारला गेलेला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. वर आल्यावर कार्यक्रम संपला होता, पण बाया घरी गेल्या नाहीत. आपापल्या गल्लीची नाली कुठे उतरते ते बघत निघाल्या, मुलं वहीत नकाशा काढत मागे. दोन नाल्या सरळ उताराच्या दिशेने जाताना दिसल्या. एका ठिकाणी धुण्याचा फेस तरंगत होता.

संध्याकाळी अर्ज लिहिला गेला : सांडपाणी सरोवराकडे न सोडता दुसरीकडे वळवावं. खाली बायांच्या सह्या, काहींचे अंगठे. सोबत नकाशा आणि हळदीचे फडके, कुठला फडका कुठे बुडवला ते लिहून. उत्तराचा पाठपुरावा चालू आहे. पुढचा कार्यक्रम नवरात्रात, देवीच्या यात्रेत घ्यायचा, हे त्याच बायांनी ठरवलंय. तिथे फडके बुडवून दाखवणार मुलं आहेत आणि बोलणार आजी.