बरगे घातलेल्या बंधाऱ्यावर

बुडालेल्या नौकेच्या आत शिरण्याचे प्रगत प्रशिक्षण मी हौसेपोटी घेतले नाही. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांतून कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा वाहतात, आणि आमच्या स्वयंसेवी पथकाला जी बोलावणी येतात ती अनेकदा काठाजवळच कशात तरी अडकून राहिलेल्या माणसासाठी असतात. कधी कालव्यात गेलेली गाडी असते, कधी जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्यासाठी नदीकाठी बांधलेली विहीर, कधी पुरात बुडालेली नाव. उघड्या पाण्यात काही बिघडले तर पाणबुड्याला सरळ वर येता येते. डोक्यावर छप्पर असेल तर आधी आला त्या वाटेने मागे जावे लागते आणि मगच वर येता येते. या एका फरकामुळे हवेचा हिशेब, पाय मारण्याची पद्धत, जोडीदारापासूनचे अंतर असे सगळेच बदलते, आणि हे आम्हाला कोणी कधी नीट शिकवले नव्हते.

आमचे प्रशिक्षक नौदलातून पाणबुडे म्हणून निवृत्त झालेले, कारवारकडचे. आम्ही त्यांना सरच म्हणत असू. पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला पाण्याजवळ फिरकूही दिले नाही. निपाणीत तंबाखूची एक जुनी वखार रिकामी पडलेली होती. तिथे मुखवट्याच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून आम्ही दोरी टाकायला शिकलो. पहिली गाठ दाराच्या बाहेर, जिथून वर जाण्याची वाट मोकळी आहे अशा जागी. दुसरी दाराच्या लगेच आत. त्यानंतर प्रत्येक वळणावर एक वेढा, आणि दोरी सतत ताणलेली. येताना अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून दोरी त्यातून सरकू द्यायची, पण ती ओढायची नाही. कारण ओढलेली दोरी कोपऱ्यावरून घसरते आणि अशा फटीत जाऊन बसते की जिथून दोरी जाते पण माणूस जात नाही. सर मुद्दाम वखारीतल्या खांबांमध्ये अशा फटी शोधत आणि आमची दोरी हळूच तिथे सरकवत. डोळे झाकलेले असताना हाताखालची दोरी भिंतीत शिरते आहे हे कळल्यावर पोटात जो गोळा येतो, तो जमिनीवरच आला पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते.

समुद्रातला भाग आम्ही गोव्याला ग्रँड बेटाजवळ केला. सुझीज रेक म्हणून ओळखले जाणारे जहाज तिथे उथळ पाण्यात, मोडून पसरलेले आहे, त्यामुळे आत शिरण्याच्या सरावापेक्षा अवशेषांची पाहणी आणि मोजमाप यांनाच ते अधिक योग्य ठरले. त्या सहलीत खरा धडा मिळाला तो परतीच्या वेळी. दिवसभर बुड्या मारून त्याच संध्याकाळी चोर्ला घाट चढून बेळगावला यायचे आमचे ठरले होते. सरांनी गाडीच्या चाव्या स्वतःकडे ठेवल्या आणि सगळ्यांना किनाऱ्यावरच मुक्काम करायला लावला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन पुरेसा बाहेर पडण्यापूर्वी इतक्या उंचीवर जाणे म्हणजे बुडीनंतर विमानात बसण्यासारखेच होय: हवेचा दाब कमी होतो आणि त्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. आमच्या भागातून किती तरुण गोव्याला हौशी बुड्या मारायला जातात आणि संध्याकाळी घाट चढून परततात! त्यांना ही गोष्ट सांगणारा कोणी भेटत असेल असे मला वाटत नाही.

तिसरा भाग हिडकलच्या जलाशयात होता. घटप्रभेवरील या जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे 663 मीटर आहे, आणि 300 मीटरच्या वर केलेली प्रत्येक बुडी उंचीवरची बुडी मानली जाते. किती खोलीवर किती वेळ राहायचे याचे समुद्रासाठी केलेले तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, 18 मीटरची बुडी त्याहून खोल धरावी लागते. सरांनी भंगारातून ट्रॅक्टरचे दोन पाण्याचे टँकर आणले होते, त्यांची तोंडे कापून, एकमेकांना जोडून ते तळाशी बसवले होते. आत शिरल्यावर काही क्षणांतच हाताची बोटे दिसेनाशी होत. आम्हाला वाटत होते की पाय बेडकासारखे बाजूला मारले आणि तळ ढवळला नाही तर पाणी स्वच्छ राहील. परंतु जुन्या लोखंडात गाळ वरूनही येतो. श्वासाचे बुडबुडे छताला लागले की गंजाचे पापुद्रे सुटतात आणि खाली झरू लागतात. तुम्ही कितीही सफाईने पोहा, नुसत्या श्वास घेण्याने दृष्टी जाते. म्हणून हवेचा तिसरा भाग संपला की फिरायचे हा नेहमीचा नियमही सर इथे पुरेसा मानत नसत. सहावा भाग संपला की परत, म्हणजे टाकीत 200 बार दाब घेऊन निघालेल्याने काटा 170 च्या जवळ येताच फिरायचे. दिसत नसताना जोडीदाराशी बोलणे स्पर्शानेच होते. दंड एकदा दाबला तर थांब, पुढे ढकलला तर चल. या खुणा आमच्या अंगात इतक्या भिनल्या की जेवताना शेजाऱ्याचा हात दाबला गेला तरी घास थांबत असे.

प्रशिक्षण संपत आले असताना कृष्णाकाठच्या एका गावातून दूरध्वनी आला. विशीतला एक मुलगा सकाळी मोटारीच्या फूटवॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा काढायला पाण्यात उतरला होता आणि वर आला नव्हता. ज्यांनी नदीकाठची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उपसा सिंचनाच्या मोटारीचे नळ नदीत सोडलेले असतात, त्यांच्या टोकाच्या झडपेत जलपर्णी किंवा प्लास्टिक अडकले की पाणी चढत नाही, आणि मग घरातला कोणीतरी तरुण बुडी मारून ती झडप मोकळी करतो. उसाला पाणी देण्याच्या दिवसांत हे काम काठाकाठाने चाललेले असते आणि त्याला कोणी धोक्याचे काम म्हणत नाही.

आम्ही दीड तासात पोहोचलो. ती जागा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या अगदी वर होती. अशा बंधाऱ्यात खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवून पाणी अडवतात. 2019 च्या पुरात वाळू उपशाची एक लोखंडी बोट वाहत येऊन बंधाऱ्याच्या खांबांना आडवी टेकली होती आणि तिथेच बुडून राहिली होती. मुलाची एक चप्पल आणि गमछा त्या बोटीच्या बाजूला तरंगताना सापडला होता, त्यामुळे सगळ्या गावाची खात्री झाली होती की तो बोटीच्या पोटात गेला आहे. काठावर मराठीत आणि कानडीत एकच गोष्ट बोलली जात होती: हे लोक बोटीत शिरण्याचेच शिक्षण घेत आहेत, तर आता शिरू द्या.

सरांनी आधी पाण्यात पाऊल टाकले नाही. त्यांनी एक काहील, म्हणजे गूळ करण्याची मोठी कढई, होडीसारखी वापरायला मागवली, तिच्यात बसून मुठीमुठीने भुसा पाण्यावर टाकला आणि तो कुठे जातो ते पाहत राहिले. बोटीच्या मागच्या टोकापाशी भुसा एका ठिकाणी गोळा होऊन खाली ओढला जात होता. फेब्रुवारीचा महिना होता, बंधाऱ्यात बरगे घातलेले होते, आणि त्या गाळ्यातला एक बरगा निसटला होता किंवा मोडला होता. वरच्या आणि खालच्या पाण्यात तीन मीटरचा फरक होता. सरांनी वहीत हिशेब करून सरपंचांना दाखवला. एक फूट लांब आणि एक फूट रुंद एवढ्या फटीवर अशा वेळी सुमारे 280 किलोचा दाब असतो. तिथे पाणबुड्याचा हात किंवा छाती जाऊन बसली तर त्याला जोडीदार सोडवू शकत नाही, दोरीने वरून ओढणारेही सोडवू शकत नाहीत. आणि बोटीचा सांगाडा त्या फटीला टेकलेला असल्यामुळे तिच्या पोटातले पाणीही तिकडेच चालले होते. बाहेरून ते संथ दिसत होते. ही ओढ जवळ जाईपर्यंत अंगाला जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणूनच धरणा-बंधाऱ्यांवर काम करणारे पाणबुडे तिला सर्वांत अधिक भितात.

सरांनी आत जायला नकार दिला. बंधाऱ्यापासून दहा मीटर दूर राहून, कमरेला दोर बांधून, कमानीसारखे फेरे घेत आम्ही अंधार पडेपर्यंत उघड्या पाण्यात शोध घेतला. पाण्यात हाताने चाचपडण्यापलीकडे काही साधन नव्हते. बोट मात्र तशीच राहिली. लोक चिडले. एका तरुणाने सरांना तोंडावर भित्रा म्हटले. सरांनी त्याला एवढेच विचारले की बरगे काढायला कोणाला सांगायचे ते तुला माहीत आहे का.

ते कोणालाच माहीत नव्हते, आणि त्या रात्रीचा हाच भाग मला अजून अस्वस्थ करतो. बाजूच्या दोन-चार गाळ्यांतले बरगे काढले असते तर पाण्याचा फरक उतरला असता, ओढ कमी झाली असती आणि आम्ही आत गेलो असतो. बंधाऱ्याचा एक काठ कर्नाटकात आणि दुसरा महाराष्ट्रात. इकडच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की आदेश तिकडून हवा. तिकडून उत्तर आले की बरगे काढणारी माणसे ठेकेदाराची आहेत आणि ती सकाळी येतील. बरगे काढले तर साठवलेले पाणी जाईल आणि उभ्या उसाचे काय होईल, हा प्रश्नही कोणीतरी काढला, आणि तो काढणारा माणूस वाईट होता असेही मी म्हणणार नाही. मुलाची नोंद कोणत्या ठाण्यात करायची यावरही बराच वेळ बोलणी चालली. सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना प्रत्येक कागदासाठी दोन दारे ठोठावायची सवय झालेली आहे. पाण्यात माणूस असतानाही तेच करावे लागेल असे मात्र मला वाटले नव्हते.

बरगे दुसऱ्या दिवशी दुपारी निघू लागले. संध्याकाळपर्यंत पातळी उतरत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे, आम्ही सामान चढवत असतानाच, वरच्या अंगाला जलपर्णीच्या कडेने मृतदेह वर आला. ज्या मोटारीच्या नळासाठी तो उतरला होता तिच्यापासून फार दूर नाही, आणि बोटीपासून तर बराच वर. पहिल्या दिवशी आमचे फेरे जलपर्णीच्या काठापर्यंत पोहोचले होते, तिच्या खाली नाही. सगळ्यांचे लक्ष, काठावरच्यांचे आणि काही प्रमाणात आमचेही, बोटीकडे खेचले गेले होते.

अंत्यविधीनंतर मुलाचे चुलते माझ्याजवळ आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही आत गेला असता तर तो तिथं न्हाई, एवढं तरी त्या रात्री कळलं असतं. पोराची आई दोन रात्री त्या बोटीकडं बघत बसली."

मी हे सरांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी विचारले की आत कोणी जिवंत असण्याची शक्यता असती तर त्यांनी काय केले असते. त्यांनी सांगितले, "तर बरगे तोडायला लावले असते. तुला तरीही पाठवले नसते."

त्या दिवशी दुपारी, बंधाऱ्यातले पाणी दोन्ही बाजूंना जवळपास सारखे झाल्यावर, सरांनी आम्हाला त्याच बोटीत उतरवले. प्रशिक्षणाची शेवटची बुडी तीच ठरली. पहिली गाठ बाहेर, दुसरी झाकणाच्या आत, पुढे इंजिनाच्या खोलीतून मागच्या कप्प्यापर्यंत. वरून गंज झरत होता आणि हाताखालच्या दोरीशिवाय काही कळत नव्हते. मागच्या कप्प्यात मासेमारीच्या नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग अडकलेला होता आणि त्याच्या पलीकडे तळाचा पत्रा गंजून एक भोक पडलेले होते, बरोबर मोडलेल्या बरग्यासमोर. जोडीदाराने माझा दंड एकदा दाबला. आम्ही थांबलो, भोकाची रुंदी हाताने मोजली आणि दोरीवरून परतलो. भोकाची रुंदी माझ्या वितीपेक्षा अधिक भरली.

सरांचा निर्णय बरोबर होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही चुलत्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असे उत्तर मला अजून सापडलेले नाही, कारण माणूस कुठे नाही हे कळणे हाही शोधाचाच भाग आहे आणि ते त्या घराला दोन रात्री मिळाले नाही. ते एका रात्रीत मिळू शकले असते, पाणबुड्याच्या जिवावर नव्हे, तर चार बरग्यांच्या जोरावर, ही गोष्ट मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत असतो. आमच्या पथकाने आता भागातल्या बंधाऱ्यांची यादी केली आहे. किती गाळे, बरगे लाकडी की लोखंडी, ते कोणत्या महिन्यात घालतात आणि काढतात, काढणारी माणसे कोणत्या गावची, रात्री कोणाला उठवायचे. आपल्या काठावरची बहुतेक माहिती मिळाली. ज्या बंधाऱ्यांचा दुसरा काठ दुसऱ्या राज्यात आहे, त्यांच्यासाठी आम्ही दोन्हीकडे लेखी अर्ज केले आहेत आणि पावसाळ्यानंतर बरगे पुन्हा घातले जाण्यापूर्वी उत्तर यावे म्हणून दर आठवड्याला फेऱ्या मारीत आहोत.