वीस सेकंदांचं दुकान

आमचा धंदा नेमका काय, हे सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा चटकन सांगता येत नाही. एफएमवर दोन-तीन गाणी झाली की साड्यांच्या दुकानाची, क्लासची, पंपसेटची जाहिरात लागते ना, ती आम्ही तयार करतो. स्टेशन आमचं नाही, गाणी आमची नाहीत, आरजेही आमचा नाही. मधले ते वीस सेकंद आमचे.

सुरुवात कॅसेटपासून झाली. नव्वदच्या दशकात माझं गाणी भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं आणि मी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. ते कायद्यात बसत नव्हतं, पण तेव्हा गल्लीत कुणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं, मलाही नव्हतं. एक गोष्ट मात्र तिथेच कळली. याद्या दहा माणसांच्या असल्या तरी त्यांतली सहा-सात गाणी तीच असायची. काही जण तर 'ए' बाजूचं पहिलं गाणं 'बी' बाजूलाही पहिलंच भरायला सांगायचे, म्हणजे रिवाइंडची कटकट नको.

दुकानात डबल डेक होता, माइक होता. म्हणून सेलच्या आणि सर्कशीच्या रिक्षांसाठी कॅसेट भरायचं काम आलं. पहिली कॅसेट मी माझ्याच आवाजात भरली. माझा आवाज खर्जातला, मला त्याचा भारी अभिमान. रिक्षा चौकात गेली आणि तासाभरात परत आली.

"मालक, तुमचा आवाज भोंग्यात बसत नाही," रिक्षावाला म्हणाला. "नुसतं घुमतंय. बाईचा घ्या."

त्याचं बरोबर होतं. पत्र्याच्या भोंग्यातून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, ऐकू येतो तो मधला आणि वरचा आवाज. शाळेत शिकवणाऱ्या वहिनींना गळ घातली. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायची त्यांना सवय होती. त्यांनी एका दमात वाचलं आणि वह्या तपासायला निघून गेल्या. तीच कॅसेट तीन आठवडे गावभर फिरली.

तिथून विविध भारतीचं थोडंफार काम मिळू लागलं. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्याआधी पाच वर्षं सिनेमाची गाणी ऐकायला लोक रेडिओ सिलोन लावायचे, कारण आकाशवाणीने त्या गाण्यांवर हात आखडता घेतला होता. अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून सिलोनवरूनच घराघरांत पोचली. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. मी त्यात उतरलो ते फारच उशिरा. संहिता आधी मंजूर करून घ्यायची, टेप नेऊन द्यायची आणि वाट बघायची. पैसे यायचे, पण सावकाश.

खासगी एफएमची पहिली बोली १९९९-२००० मध्ये लागली आणि पहिलं स्टेशन जुलै २००१ मध्ये बंगळुरूला वाजलं. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र पुढची सहा वर्षं काहीच हललं नाही. कारण साधं होतं: परवान्याची फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, मग कमाई होवो न होवो. मोठ्या शहरांतल्या मंडळींचीच त्यात दमछाक झाली, छोट्या शहरात कोण येणार? २००५ च्या धोरणात एकदाच भरायची प्रवेश फी आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशेब आला, तेव्हा गाडी हलली. आमच्याकडे २००७ मध्ये पहिलं स्टेशन आलं, लगोलग दुसरं. दोन्हीकडे ताजी हिट गाणी, आणि बातम्यांना परवानगी नसल्यामुळे बाकी सगळा आरजेच्या गप्पांचा मामला.

मी कॅसेटचं दुकान कधीच बंद केलं होतं. मागची खोली गाद्या आणि फोम लावून आवाजबंद केली, एक संगणक घेतला, बरा माइक घेतला आणि स्टेशनच्या विक्रीवाल्यांना भेटलो. त्यांचं जाहिरात बनवण्याचं काम मोठ्या शहरातून व्हायचं. तिथल्या कलाकाराला आमच्या पेठांची नावं उच्चारता यायची नाहीत. तेवढ्यावर आम्हाला काम मिळालं.

तिथल्या प्रोग्रॅमिंगच्या साहेबांना मी एकदा विचारलं, "तीच तीच गाणी का लावता हो? लोक वैतागतात." त्यांनी कागदावर एक गोल काढला, घड्याळासारखा. तासाच्या सुरुवातीला सगळ्यात चालणारं गाणं, मग नवं, मग थोडं जुनं, इथे आरजे, इथे जाहिराती. म्हणाले, "वैतागतो तो दिवसभर ऐकणारा. बाकीचे गाडीत बसतात, वीस मिनिटं ऐकतात, उतरतात. त्या वीस मिनिटांत हिट गाणं लागलं नाही तर ते समोरच्याकडे जातात." अमेरिकेत ओमाहाला टॉड स्टोर्झ यांनी १९५० च्या दशकात हेच सुरू केलं, तेही म्हणे ज्यूकबॉक्सवर लोक पुन्हा पुन्हा तेच गाणं लावतात हे बघून. मला माझ्या कॅसेटच्या याद्या आठवल्या.

आता आमची फजिती. दसऱ्याच्या आधी एका सराफाची जाहिरात केली. डाव्या बाजूला सनई, मध्ये वहिनींचा आवाज, त्याला थोडा घुमारा. हेडफोनवर ऐकलं तर आवाज असा पसरलेला, जणू देवळाच्या गाभाऱ्यात उभे आहोत. मी खूश. स्टेशनने वाजवली, कुणाची तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी सराफांच्या वडिलांचा फोन आला.

"अहो, आमच्या दुकानाचं नाव कुठंय? नुसती सनई वाजतेय. लग्न कुणाचं आहे?"

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या फळीवर एका स्पीकरचा जुना ट्रान्झिस्टर. जाहिरात लागली आणि माझ्या अंगाला घाम फुटला. सनई स्वच्छ, वहिनी गायब. मागे फक्त विहिरीतून कुणी बोलावं तसा पडसाद.

दोष माझ्याच वायरीत होता. तयार मिक्स मी बाहेरच्या कंप्रेसरमधून, म्हणजे आवाजाचे चढउतार सारखे करणाऱ्या यंत्रातून, फिरवून परत संगणकात घ्यायचो. त्यातल्या एका केबलच्या पिनमध्ये दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल झाली होती, आणि डाग मीच दिला होता. त्यामुळे उजवी बाजू उलटी झाली, म्हणजे डावीकडे आवाजाची लाट वर जायची तेव्हा उजवीकडे खाली. एफएमवर डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज आणि वजाबाकी अशी दोन रूपं जातात. स्टिरिओ रेडिओ त्यातून दोन्ही बाजू परत वेगळ्या काढतो, एका स्पीकरचा रेडिओ फक्त बेरीज वाजवतो. वहिनींचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच होता, एकीकडे सुलटा, दुसरीकडे उलटा. बेरीज शून्य. सनई एकाच बाजूला होती म्हणून वाचली.

तीन दिवसांच्या वेळेचे पैसे मी खिशातून भरले. दुसऱ्याच आठवड्यात जुन्या बाजारातून तसाच एक ट्रान्झिस्टर आणला आणि मेकॅनिककडून त्याला मागून तार जोडून घेतली. आजही आमची प्रत्येक जाहिरात आधी त्यातून वाजते. त्यावर नाव कळलं, तरच बाहेर जाते. नवीन पोरं हसतात, हसू देत.

लेखनाचं म्हणाल, तर रोजचं भांडण तिथेच. दर लागतो दहा सेकंदांवर, म्हणून जाहिरात वीसची. वीस सेकंदांत मराठीचे चाळीसेक शब्द निवांत बसतात. दुकानदाराला त्यात आजोबांचं नाव, तीन शाखा, स्थापनेचं साल आणि दोन मोबाइल नंबर हवे असतात. एक दहा आकडी नंबर सावकाश वाचला की पाच-सहा सेकंद गेले, आणि गाडी चालवणारा तो लिहून घेणार कुठे? मी म्हणतो, "काका, नंबर काढा, देवळासमोर एवढं ठेवा." निम्मे ऐकतात.

दुसरं भांडण चालीचं. "त्या हिट गाण्याच्या चालीवर आमचे शब्द बसवा की." हे आम्ही करत नाही. कॅसेटच्या दुकानात जे केलं ते केलं. स्टेशनलासुद्धा गाणं फुकट मिळत नाही. रॉयल्टीवरून कंपन्या आणि स्टेशनं वर्षानुवर्षं भांडली, शेवटी २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवून दिला. मग आम्ही कोण लागून गेलो? काही गिऱ्हाइकं त्यापायी गेली, त्यांची जाहिरात त्याच चालीवर आता लग्नाच्या हॉलबाहेर वाजते.

२०२० च्या टाळेबंदीत तीन महिने शून्य काम होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन मुलं सोडून गेली, एक परत आला.

हल्ली गिऱ्हाईक मोबाइलमध्ये मशीनने वाचलेली जाहिरात घेऊन येतं. "ही तयारच आहे, फक्त संगीत घाला." मागच्या महिन्यात अशीच एक आली. वहिनी आता शाळेतून निवृत्त झाल्यात, पण आठवड्यातून दोनदा येतात. ट्रान्झिस्टरवर लावली. मशीनने 'बसस्थानकाजवळ' मधला 'ज' असा काढला, जसा 'जेवण' मधला.

"भावजी," वहिनी चष्मा पुसत म्हणाल्या, "याला आधी 'जवळ' म्हणायला शिकवा."

मग त्यांनीच वाचली. एका दमात, एकोणीस सेकंद.

"एक उरला की. त्यात काय घालायचं?"

"काही नाही," म्हटलं. "दुकानाच्या नावाआधी जरा थांबा."